पदार्थविज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी : एका भुसार व्यापाऱ्याचे निवेदन

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढील आयुष्य अमरगोळच्या बाजार आवारात पोत्यांच्या थप्प्यांमध्ये गेले. लिहावयाचे तर आवक, भाव, सेस आणि हमाली यांवर लिहावे, हेच आम्हांस शोभले असते. तथापि गेल्या वर्षभरात आमच्या घरात एक विषय वारंवार निघाला आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या घरांतही निघत असणार, अशी आमची खात्री झाली. म्हणून व्यापाराचा नित्याचा विषय बाजूस ठेवून महाविद्यालयात पदार्थविज्ञान, म्हणजे फिजिक्स, शिकणाऱ्या मुलामुलींपुढे कोणत्या संधी असतात आणि त्या आपल्या हातून कशा निसटतात, याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. जाणत्यांनी उणे-अधिक सांभाळून घ्यावे.

आरंभीच एक कबुली देणे प्राप्त आहे. सन २०१३ मधील गोष्ट. आमचे धाकटे चिरंजीव बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय पदार्थविज्ञान. आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळण्यासाठी एक अखिल भारतीय परीक्षा असते आणि तिचा अर्ज भरावयाचा आहे, असे ते आम्हांस दोन वेळा म्हणाले. दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे. मुगाची आवक संपत आलेली, सोयाबीन आणि मका सुरू झालेला, पेढीवर माणूस अपुरे. आम्ही म्हणालो, "एवढी दिवाळी होऊ द्या, वहीपूजन होऊ द्या, मग निवांत पाहू." त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी आली. वहीपूजन यथासांग झाले. नंतर चिरंजीवांनी चौकशी केली, तेव्हा अर्जाची मुदत ऑक्टोबरातच संपल्याचे कळले. ते काही बोलले नाहीत. पुढील वर्षी त्यांनी पुन्हा विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आज ते पेढी उत्तम सांभाळतात. ग्राहक त्यांना मान देतात. त्यांच्या कर्तबगारीविषयी आम्हांस अभिमानच आहे. परंतु त्या दोन महिन्यांत आम्ही किती पोती मका विकला हे आज आम्हांस आठवत नाही, आणि तो अर्ज मात्र विसरता येत नाही.

आता थोरल्या चिरंजीवांची कन्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचाही विषय पदार्थविज्ञानच. वर्षारंभी तिच्या काकांनी आमच्या रोजकीर्दीच्या पहिल्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हस्ताक्षरात काही महिने आणि त्यांपुढे काही परीक्षांची नावे लिहून ठेविली. आम्ही ते पान उघडले आणि प्रस्तुत लेखाचे बीज तेथेच पडले.

व्यापारी घरात प्रथम प्रश्न येतो तो असा की, फिजिक्स शिकून करावयाचे काय? वाणिज्य शिकेल तर हिशेब पाहील, अभियंता होईल तर नोकरी मिळवील, फिजिक्सचा पदवीधर काय करील? हा प्रश्न आम्हीही केला आहे. त्याचे पहिले उत्तर आम्हांस आमच्याच गोदामात मिळाले.

आपल्या आवारातील भुईकाटाच घ्या. त्यावर मालमोटार उभी राहते आणि खोलीतील यंत्रावर तिचे वजन लाल अंकांत उमटते. आम्हांस वाटे, खाली एखादी मोठी स्प्रिंग असेल. चिरंजीवांनी समजावून सांगितले की, काट्याखाली पोलादाचे ठोकळे असतात. भार पडला की ते केसभराहूनही कमी दबतात. त्यांवर चिकटविलेल्या अत्यंत बारीक धातूच्या पट्ट्या त्यासरशी ताणल्या वा आकुंचित होतात आणि त्यांचा विद्युत्‌रोध किंचित बदलतो. तो बदल व्हीटस्टनच्या विद्युत्‌मंडलाने मोजावयाचा. हेच मंडल मुले बारावीच्या प्रयोगशाळेत लाकडी पट्टीवरील तारेच्या साहाय्याने शिकतात. ज्या प्रयोगाकडे आपण परीक्षेपुरता विषय म्हणून पाहतो, त्याच्यावर आपला प्रत्येक सौदा उभा आहे!

ओलावा मोजण्याचे यंत्रही तसेच. पूर्वी आमचे वडील दाणा दाताखाली धरून त्याचा आवाज ऐकत आणि मूग वाळला की नाही ते सांगत. आज हमीभावाच्या खरेदीत मुगाचा ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि तेथे दाताची साक्ष चालत नाही. यंत्रातील दोन धातुपट्टांमध्ये धान्य भरले जाते. विद्युत्‌भार साठविण्याच्या बाबतीत पाण्याचा गुणांक सुमारे ८० आहे, कोरड्या धान्याचा जेमतेम दोन-चार. त्यामुळे दाण्यात पाण्याचा अंश थोडा जरी वाढला तरी यंत्राला ते तत्काळ उमगते. डाळ निवडणारे यंत्र प्रत्येक दाण्याचे प्रकाशचित्र घेते आणि डागी दाणा हवेच्या फटकाऱ्याने बाजूस उडविते. हे सर्व पदार्थविज्ञानच होय.

आपले वजनसुद्धा आता पदार्थविज्ञानाने ठरते, हे सभासद बंधूंपैकी किती जणांस ठाऊक असेल? आमच्या वडिलांच्या पेढीवर मण आणि शेर चालत. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला आणि १९६२ पर्यंत त्यांची जागा किलोग्रॅम व क्विंटल यांनी घेतली. त्या काळी किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळील सेव्र येथे १८८९ पासून जपलेला प्लॅटिनम व इरिडियम या धातूंचा एक लहानसा दंडगोल. त्याची ५७ क्रमांकाची प्रत भारताकडे असून ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. परंतु २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या दंडगोलावर अवलंबून नाही. ती प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातील एका कधीही न बदलणाऱ्या संख्येवर, बांधलेली आहे. धातूचे वजन झिजेल, मळेल, ही संख्या झिजणार नाही. ज्याची रोजीरोटी तराजूवर आहे, त्याने या शास्त्राला परके मानावे, हे योग्य नव्हे.

आणि आपल्या काट्यांवर मुद्रा मारण्यास येणारे वजनमापे निरीक्षक, ज्यांना आपण चहा देऊन अदबीने बसवितो, त्यांच्या पदासाठी नियमांनी सांगितलेल्या पात्रतांपैकी एक पात्रता म्हणजे पदार्थविज्ञान हा विषय घेतलेली शास्त्रशाखेची पदवी होय! "फिजिक्स शिकून काय करावयाचे" या प्रश्नाचे हे एक साधे, आपल्या दारातीलच उत्तर आहे.

याहून मोठी उत्तरेही आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. तेथे एम.एस्सी. झालेले निवडक विद्यार्थी घेतले जातात आणि वर्षभराच्या शिक्षणानंतर त्यांना वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमले जाते. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणोपचार देताना मात्रा किती द्यावी याचे गणित मांडणारा वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ हा डॉक्टर नसतो. तो पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी. असून त्यावर त्याने किरण-भौतिकीचा विशेष अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्यात याच विषयाचे पदवीधर लागतात. पावसाच्या अंदाजावर ज्यांचा वर्षाचा धंदा डोलतो, त्या आपणांस त्या खात्याचे महत्त्व काय सांगावे? शिवाय केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये पुंजविज्ञानाच्या, ज्याला क्वांटम म्हणतात त्याच्या, राष्ट्रीय कार्यासाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांची आठ वर्षांची योजना मंजूर केली आहे. तिच्या मुख्य केंद्रांपैकी एक बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे.

आपल्या समाजात या विद्येची परंपरा नाही, असेही कोणी म्हणू नये. डॉ. विक्रम साराभाई हे अहमदाबादच्या जैन उद्योजक घराण्यात १२ ऑगस्ट १९१९ रोजी जन्मले. बंगळूरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला, केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली, १९४७ साली अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभारली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून पहिला अग्निबाण आकाशात सोडला गेला, तो त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होय. उदयपूरचे डॉ. दौलतसिंह कोठारी हेही जैन. अलाहाबादेस मेघनाद साहांचे शिष्य, पुढे केंब्रिजला अध्ययन, नंतर संरक्षण खात्याचे शास्त्रीय सल्लागार, १९६१ ते १९७३ विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष. कोठारी आयोगाचे नाव कोणत्या शिक्षकाने ऐकलेले नाही?

आपल्या गावाचे भाग्यही लहान नाही. धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ सालचे. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली मुंबईत स्थापन होऊन धारवाडास आले आणि केंब्रिजचे रँग्लर डी. सी. पावटे हे १९५४ ते १९६७ त्याचे कुलगुरू होते. वर्णपटशास्त्रातील नामवंत प्राध्यापक एन. आर. तावडे मुंबईहून येथे आले आणि त्यांचे व त्यांच्या विद्यार्थ्यांचे निबंध त्या काळी धारवाडच्या पत्त्यावरून परदेशी नियतकालिकांत छापून येत. हुबळीस विद्यानगरात जाबिन शास्त्र महाविद्यालय आहे. २०१६ पासून धारवाडास आय.आय.टी. आहे आणि मार्च २०२३ मध्ये तिच्या कायमच्या वास्तूचे उद्घाटन झाले. विद्यार्थ्याने घरची भाकरी खाऊन हे सारे पाहावे, अशी सोय फार थोड्या गावांत असेल.

आता मुख्य विषय. रोजकीर्दीतील ते पान आम्ही येथे आमच्या शब्दांत उतरवितो. तारखा वर्षागणिक थोड्या पुढेमागे होतात, म्हणून महिनेच दिले आहेत. नक्की तारीख महाविद्यालयाच्या विभागात विचारून घ्यावी.

ऑगस्ट-सप्टेंबर : अकरावी-बारावीच्या मुलांसाठी भारतीय पदार्थविज्ञान शिक्षक संघटनेची राष्ट्रीय प्रमाण परीक्षा नोव्हेंबरात असते. तिची नावनोंदणी या दिवसांत होते. ऑलिंपियाडची ही पहिली पायरी. पुढील टप्पे मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहते आणि शेवटी पाच विद्यार्थी देशातर्फे आंतरराष्ट्रीय स्पर्धेस जातात. २०१५ साली ही जागतिक स्पर्धा मुंबईतच भरली होती.

सप्टेंबर-ऑक्टोबर : ज्या परीक्षेने आमचे घर चुकविले, तिचा अर्ज. तिला 'जॅम' म्हणतात. परीक्षा फेब्रुवारीत, तीन तासांची, ६० प्रश्न आणि १०० गुण. तीतून आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी.ला आणि भारतीय विज्ञान संस्थेत थेट संशोधनाकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमाला वाट मिळते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी तीस बसू शकतात. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे, म्हणजे तिसऱ्या वर्षाची दिवाळी येण्यापूर्वी हा अर्ज गेला पाहिजे.

याच सुमारास पदवीच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान परीक्षेची नोंदणी होते. ही परीक्षा जानेवारीत असते आणि ती वरील शिक्षक संघटनाच घेते. शुल्क अल्प, प्रतिष्ठा मोठी. महाविद्यालयात केंद्र नसेल तर विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना विनंती करावी.

नोव्हेंबर-डिसेंबर : देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. अकादमींपैकी बंगळूरची रामन यांनी १९३४ साली स्थापिली. निवड झालेल्या विद्यार्थ्यास आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रत्यक्ष संशोधन करावयास मिळते. विद्यावेतन आणि रेल्वेचे भाडेही मिळते. अर्जासोबत प्राध्यापकांचे शिफारसपत्र आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेले एक लहान टिपण लागते. या दोन्ही गोष्टी एका रात्रीत होत नाहीत.

जानेवारी : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमाचे अर्ज साधारणतः या सुमारास असतात. होमी भाभा केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय उपक्रमही ध्यानात ठेवावा. तो पदवीच्या आरंभीच्या वर्षांतील मुलांकरिता आहे. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रातही सुटीतील विद्यार्थी घेतले जातात. कोल्हापुरात जन्मलेले हे थोर शास्त्रज्ञ २०२५ साली निवर्तले, परंतु त्यांनी उघडलेले दार उघडेच आहे.

फेब्रुवारी : जॅमची परीक्षा आणि २८ तारखेस राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी रामन यांनी आपला शोध जाहीर केला आणि १९३० चे नोबेल मिळविले. या सुमारास नारायणगावाजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण सामान्य जनांस पाहण्यासाठी खुली ठेवतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतांच्या मधोमध आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. लग्नसराईत पुण्याकडे जाणे झाले, तर मुलांना तेथे अवश्य न्यावे.

हे पान वाचताना आमच्या ध्यानात जी गोष्ट आली, तीच या लेखाचे सार आहे. विद्यार्थ्यांच्या अर्जांचे महिने आणि आपल्या हंगामाचे महिने एकच आहेत! खरीप मालाची आवक, दिवाळी, वहीपूजन, मग तुरीची आवक, मग लग्ने. ज्या दिवसांत मुलाने टेबलाशी बसून अर्ज आणि शिफारसपत्रे जमवावयाची, त्याच दिवसांत आपण त्याला म्हणतो, "जरा काट्यावर बस, हमालांकडे लक्ष दे." बुद्धी कमी पडली म्हणून मागे राहणारी मुले असतीलही. परंतु बापाची पेढी गजबजलेली होती म्हणून मागे राहिलेली मुले आपल्या समाजात किती असतील, याचा हिशेब कोणीच ठेविलेला नाही.

दुसरा एक अडसर घरातील आहे, तोही सांगितलाच पाहिजे. आमच्या नातीने गेल्या डिसेंबरात उन्हाळी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचे ठरविले, तेव्हा घरात मोठी चर्चा झाली. तिची आजी म्हणाली, "दोन महिने मुलगी परगावी राहणार. सूर्यास्तापूर्वी जेवण कोण देईल? कांदा, बटाटा, लसूण पंगतीत नसेल अशी खाणावळ कोठे?" प्रश्न खोटा नव्हता. नातीनेच शांतपणे विचारले, "आजी, बंगळुरात आपल्या नात्यातली किती घरे आहेत?" आम्ही बोटांवर मोजली, ती पाच निघाली. मग आजीच म्हणाली, "असे असेल तर भर अर्ज." शिफारसपत्रासाठी नात तीन वेळा महाविद्यालयात गेली, टिपण दोन वेळा फाडून पुन्हा लिहिले, आणि शेवटचा दिवस येण्याच्या आठ दिवस आधी अर्ज गेला. त्या रात्री तिच्या काकांनी रोजकीर्दीतील त्या ओळीपुढे जमा बाजूस एक लहान खूण केली. आम्ही ती पाहिली, पण बोललो नाही.

खरे सांगावयाचे तर तिची निवड होईलच असे नाही. अर्ज फार, जागा थोड्या. जॅमचेही तसेच आहे. सर्व विषय मिळून आय.आय.टी.तील जागा सुमारे तीन हजार आणि बसणारे त्यांच्या कित्येक पट. प्रत्येक फिजिक्सचा पदवीधर साराभाई होत नाही, जसा प्रत्येक अडत्या कोट्यधीश होत नाही. तथापि बाजारात बोलीच न लावता माल हातचा गेला, तर त्यास नशीब म्हणण्याचा अधिकार आपणांस राहत नाही. बोली लावणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

म्हणून मंडळाच्या सभासदांपुढे आम्ही चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, ज्या घरात शास्त्रशाखेचा विद्यार्थी आहे, त्या घराने सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत त्याला पेढीच्या कामातून मोकळे ठेवावे. एक माणूस पगारी ठेवण्याचा खर्च फार नाही.

दुसरी, मंडळाच्या फलकावर आवकेच्या आकड्यांशेजारी या अर्जांच्या मुदतींचा कागद लावावा. आपण तो फलक रोज पाहतो, मुलांच्या महाविद्यालयाचा फलक पाहत नाही.

तिसरी, बंगळूर, पुणे आणि मुंबई येथील आपल्या ज्या नातेवाइकांच्या घरी परीक्षा वा शिबिरासाठी आलेल्या मुलामुलींची जेवणाची व राहण्याची सोय होऊ शकेल, अशा घरांची यादी मंडळाने करावी. धर्मशाळा बांधणाऱ्या समाजाला हे जड नाही. तसेच जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता मिळाली आहे. गरजू घरांनी त्या आधारे कोणत्या शिष्यवृत्ती मिळू शकतात, याची चौकशी सरकारी अल्पसंख्याक कल्याण खात्यात करावी, संकोच करू नये.

चौथी, विज्ञान दिनाच्या निमित्ताने महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आपल्या आवारात बोलवावे. भुईकाटा, ओलावा मोजण्याचे यंत्र, डाळ निवडण्याचे यंत्र त्यांनी उघडून पाहावे आणि आपल्या मुलांना समजावून सांगावे. त्यांना पुस्तकातील विद्या उपयोगात आलेली दिसेल, आपणांस आपल्या धंद्यातील विद्या दिसेल.

लेख संपविण्यापूर्वी एक गोष्ट. हे लिखाण पेढीवर पाठविण्यापूर्वी आम्ही धाकट्या चिरंजीवांना वाचावयास दिले. २०१३ ची हकीकत छापावी की नाही, हे त्यांनी ठरवावे असे आम्ही म्हणालो. त्यांनी सारे वाचले, ओलाव्याच्या यंत्राविषयीची आमची एक चूक दुरुस्त केली आणि म्हणाले, "राहू द्या. कोणाचा तरी अर्ज वेळेवर जाईल."

तेवढेच व्हावे, एवढीच आमची इच्छा. सर्वांस जय जिनेंद्र.